म्हादेई आणि तुरीया

म्हादेई आणि तुरीया या गोव्यातील दिवाडी बेटावरील ॲक्वेरियस शिपयार्डमध्ये बांधलेल्या, दीर्घ पल्ल्याच्या सागरसफरीसाठीच्या शिडाच्या दोन नौका आहेत. म्हादेई ही भारतीय नौदलाची सुमारे १७ मीटर लांबीची, एका डोलकाठीची आधुनिक नौका २००९ मध्ये नौदलात दाखल झाली. तुरीया ही सुमारे १० मीटर लांबीची, दोन डोलकाठ्यांची, पारंपरिक घडणीची नौका २०१७ मध्ये पाण्यात उतरली. मुंबईत बांधल्या गेलेल्या सुहेली या नौकेची ती प्रतिकृती होती. नौदल अधिकारी अभिलाष टॉमी यांनी या दोन्ही नौका एकट्याने दक्षिण महासागरात नेल्या. म्हादेईवरून त्यांनी २०१३ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली, तर तुरीयावर २०१८ मध्ये त्यांना गंभीर अपघात झाला.

बांधणारे आवार एक, नाविक एक आणि समुद्रही तोच असल्यामुळे सागरसफरीची नौका कोणत्या निकषांवर निवडावी हे समजून घेण्यासाठी या दोन नौकांची तुलना उपयुक्त ठरते.

## पार्श्वभूमी

ब्रिटिश नाविक रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हे १९६० च्या दशकात ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या जहाजांवर अधिकारी होते. त्या काळात मुंबईतील कुलाबा येथे त्यांनी सागवानी लाकडात सुहेली ही नौका बांधून घेतली. तिचा आराखडा अमेरिकी रचनाकार विल्यम ॲटकिन यांच्या 'एरिक' या आराखड्यावर आधारित होता आणि एरिकचे मूळ नॉर्वेच्या किनाऱ्यावरील कॉलिन आर्चर यांच्या बचावनौकांमध्ये होते. १४ जून १९६८ रोजी इंग्लंडमधील फालमथ येथून निघून २२ एप्रिल १९६९ रोजी नॉक्स-जॉन्स्टन तेथेच परतले. एकट्याने व कोठेही न थांबता केलेली ही जगातील पहिली पृथ्वीप्रदक्षिणा होय. त्या वर्षीच्या गोल्डन ग्लोब शर्यतीत उतरलेल्या नऊ नाविकांपैकी केवळ त्यांनीच शर्यत पूर्ण केली.

भारतीय नाविकाने भारतात बांधलेल्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी, ही कल्पना निवृत्त व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांनी मांडली. नौदलाने ती 'सागर परिक्रमा' या नावाने स्वीकारली. कमांडर दिलीप दोंदे यांची त्यासाठी निवड झाली, नॉक्स-जॉन्स्टन यांचे मार्गदर्शन लाभले आणि नौकेच्या बांधणीचे काम रत्नाकर दांडेकर यांच्या गोव्यातील आवाराकडे आले.

## म्हादेई

म्हादेईचा आराखडा नेदरलँड्समधील व्हॅन डी स्टाट या रचनासंस्थेच्या 'टोंगा ५६' या मालिकेतील आहे. रेड सीडर लाकडाच्या पट्ट्या जोडून तिचे कवच घडवले असून त्यावर काचतंतू आणि इपॉक्सी राळेचे आवरण चढवले आहे. या पद्धतीमुळे लाकडाचा हलकेपणा टिकतो आणि पाणी आत मुरत नाही. १२ फेब्रुवारी २००९ रोजी ही नौका नौदलात दाखल झाली. गोव्यात मांडवी या नावानेही ओळखल्या जाणाऱ्या म्हादई नदीवरून तिचे नाव ठेवले आहे.

दोंदे यांनी १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून प्रस्थान केले. फ्रीमँटल, लिटल्टन, पोर्ट स्टॅन्ली आणि केप टाऊन असे चार थांबे घेऊन ते मे २०१० मध्ये मुंबईला परतले. एकट्याने शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय ठरले. त्या मोहिमेत किनाऱ्यावरील साहाय्यक म्हणून काम केलेले अभिलाष टॉमी हे १ नोव्हेंबर २०१२ रोजी त्याच नौकेतून मुंबईहून निघाले आणि कोठेही न थांबता ३१ मार्च २०१३ रोजी मुंबईला परतले. म्हादेईची भगिनीनौका तारिणी याच आवारात बांधली गेली व २०१७ मध्ये नौदलात दाखल झाली. लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखालील सहा महिला अधिकाऱ्यांनी २०१७-१८ मध्ये तारिणीतून पृथ्वीप्रदक्षिणा केली.

## तुरीया

१९६८ च्या शर्यतीला ५० वर्षे झाल्यानिमित्त २०१८ मध्ये गोल्डन ग्लोब शर्यत पुन्हा आयोजित करण्यात आली. जुन्या काळातील नौकानयनाचा अनुभव कायम राहावा, यासाठी तिचे नियम मुद्दाम कडक ठेवले होते. नौकेची लांबी ३२ ते ३६ फूट असावी, तिचा आराखडा १९८८ पूर्वीचा असावा, कील लांब असावी आणि सुकाणू त्या कीलच्या मागील कडेला जोडलेले असावे, अशा अटी होत्या. उपग्रहाधारित स्थाननिश्चिती आणि विजेवर चालणारे स्वयंचलित सुकाणू यांना बंदी होती. नाविकाने कागदी नकाशे व सेक्स्टंट यांच्या आधारे मार्ग काढायचा होता.

या अटींमध्ये म्हादेई बसत नव्हती. म्हणून सुहेलीच्या मूळ आराखड्यावरून नवी नौका बांधण्यात आली. ती ७ ऑगस्ट २०१७ रोजी पाण्यात उतरली. 'तुरीय' म्हणजे जागृती, स्वप्न आणि सुषुप्ती यांच्या पलीकडील चौथी अवस्था, यावरून तिचे नाव घेतले आहे.

## तुलनात्मक तक्ता

| बाब | म्हादेई | तुरीया |
|---|---|---|
| आराखडा | टोंगा ५६, व्हॅन डी स्टाट | एरिक, विल्यम ॲटकिन (सुहेलीची प्रतिकृती) |
| बांधणी | ॲक्वेरियस शिपयार्ड, दिवाडी, गोवा | ॲक्वेरियस शिपयार्ड, दिवाडी, गोवा |
| वर्ष | २००९ | २०१७ |
| लांबी | सुमारे १७ मीटर | सुमारे ९.८ मीटर |
| रुंदी | सुमारे ५ मीटर | सुमारे ३.४ मीटर |
| पाण्याखालील खोली | सुमारे २.५ मीटर | सुमारे १.७ मीटर |
| शिडांची मांडणी | एक उंच डोलकाठी (स्लूप) | दोन डोलकाठ्या (केच) |
| कील | आखूड व खोल, सुकाणू स्वतंत्र | लांब, सुकाणू कीलला जोडलेले |
| दिशाशोधन | उपग्रहाधारित उपकरणे | सेक्स्टंट व कागदी नकाशे |
| एकट्याने केलेली प्रमुख सफर | २००९-१०, २०१२-१३ | २०१८ (अपूर्ण) |

## रचनेतील फरक

### लांबी आणि वेग

शिडाची नौका पाणी कापत जाते तेव्हा तिच्याभोवती लाट तयार होते. वेग वाढतो तशी ही लाट लांबत जाते. लाटेची लांबी नौकेच्या जलरेषेइतकी झाली की नौका स्वतःच निर्माण केलेल्या दोन शिखरांमध्ये अडकते. त्यापुढे वेग वाढवण्यासाठी लागणारी शक्ती एकदम वाढते. जड नौकेसाठी या मर्यादेचा ढोबळ अंदाज सोपा आहे. जलरेषेची मीटरमधील लांबी घेऊन तिच्या वर्गमुळाला २.४३ ने गुणले की नॉटमधील वेग मिळतो. जलरेषा ९ मीटर असल्यास हा वेग सुमारे ७.३ नॉट येतो, १६ मीटर असल्यास सुमारे ९.७ नॉट येतो.

प्रत्यक्षात सरासरी वेग याहून बराच कमी असतो. टॉमी यांनी म्हादेईवरून सुमारे २३,००० सागरी मैल १५० दिवसांच्या आसपास कापले, म्हणजे दररोज सुमारे १५० मैल. तुरीयावर ८२ दिवसांत सुमारे १०,५०० मैल झाले, म्हणजे दररोज सुमारे १२८ मैल. दिवसाला २२ मैलांचा हा फरक किरकोळ वाटला तरी ३०,००० मैलांच्या सफरीत तो एका महिन्याहून अधिक होतो.

### साठवण

लहान नौकेत जागा कमी असते. ती हळू चालत असल्याने सफर लांबते, आणि सफर लांबली की सामान अधिक न्यावे लागते. दररोज तीन लिटर पाणी धरले तर १५० दिवसांसाठी ४५० लिटर आणि २४० दिवसांसाठी ७२० लिटर पाणी लागते. म्हादेईचे वजन सुमारे २३ टन आहे. त्या तुलनेत ४५० किलोग्रॅम हे केवळ २ टक्के होतात. गोल्डन ग्लोब शर्यतीच्या नियमांनुसार नौकेचे किमान वजन ६,२०० किलोग्रॅम असते. अशा नौकेत ७२० किलोग्रॅम पाणी म्हणजे सुमारे १२ टक्के भार होय. म्हणून लहान नौकेतील नाविकाला पावसाचे पाणी साठवण्याची व्यवस्था करणे भाग पडते.

### कील आणि सुकाणू

कील म्हणजे नौकेच्या तळाशी असलेला जड कणा. तो नौकेला कलंडू देत नाही आणि वाऱ्यामुळे बाजूला वाहवतही जाऊ देत नाही. म्हादेईची आखूड व खोल कील पाण्यात पंखासारखे काम करते, त्यामुळे वाऱ्याच्या दिशेकडे तिरपे चढत जाताना नौका अधिक कार्यक्षम ठरते व चटकन वळते. मात्र स्वतंत्र सुकाणू उघडे राहते. तरंगत्या ओंडक्याचा आघात थेट त्याच्यावर होऊ शकतो.

तुरीयासारख्या नौकेत कील जवळजवळ संपूर्ण तळभर पसरलेली असते. नौका वळायला जड जाते, बंदरात इंजिनावर मागे घेणे अवघड होते आणि पाण्याशी घर्षण वाढते. त्याबदल्यात ती आपली दिशा सहजासहजी सोडत नाही. एकट्या नाविकाला झोप घ्यायची असते, जेवण करायचे असते. तेवढा वेळ नौका स्वतःहून सरळ चालणे ही त्याच्यासाठी मोठीच सोय असते. वाऱ्याच्या दिशेवर चालणारे विंड व्हेन नावाचे यांत्रिक सुकाणू अशा नौकेवर थोड्या बळातही काम करते.

### डोलकाठ्या आणि शिडे

म्हादेईची डोलकाठी सुमारे २५ मीटर उंच आहे. एकाच उंच डोलकाठीवरील मोठे शीड वारा चांगला पकडते, परंतु वारा वाढल्यावर ते आखडणे एका माणसासाठी कष्टाचे असते. त्यासाठी मोठ्या दाताळ चरख्यांची, म्हणजे विंचची, मदत घ्यावी लागते. केच प्रकारात तेवढेच कापड मुख्य व मागील अशा दोन डोलकाठ्यांवर विभागले जाते. प्रत्येक शीड लहान असल्याने ते हाताने आवरता येते. मोठ्या वाऱ्यात मुख्य शीड पूर्ण उतरवूनही पुढचे व मागचे शीड नौकेचा तोल राखतात. याची दुसरी बाजू अशी की, डोलकाठ्या दोन असल्या की तारा, सांधे आणि खिळे यांची संख्या वाढते, आणि तपासणीची व दुरुस्तीची ठिकाणेही वाढतात.

### लाटांपुढील सुरक्षितता

१९७९ च्या फास्टनेट शर्यतीत वादळामुळे झालेल्या जीवितहानीनंतर ब्रिटनमध्ये नौकांच्या प्रतिकृतींवर पाण्याच्या टाकीत प्रयोग करण्यात आले. त्यांतून एक उपयुक्त ठोकताळा मिळाला. फुटणाऱ्या लाटेची उंची नौकेच्या लांबीच्या सुमारे ३० टक्के असेल आणि ती लाट नौकेच्या कुशीवर आदळली, तर नौका आडवी होऊ शकते. ही उंची ६० टक्क्यांच्या आसपास पोहोचल्यास जवळजवळ कोणतीही नौका पूर्ण उलटू शकते.

या हिशेबाने ९.८ मीटरच्या नौकेला सुमारे ३ मीटरची फुटती लाट धोक्याची आहे, तर १७ मीटरच्या नौकेसाठी ही मर्यादा सुमारे ५ मीटर आहे. येथे उंची मोजायची ती फुटणाऱ्या लाटेची. न फुटणाऱ्या, लांब अंतराच्या उंच लाटांवर लहान नौकाही बुचासारखी चढते व उतरते. जड वजन, खोल कील किंवा पारंपरिक घडण यांमुळे उलटलेली नौका पुन्हा सरळ होण्यास मदत होते. उलटण्याचा धोका कमी होतो तो मुख्यतः नौकेच्या आकारमानामुळे.

## २०१८ मधील अपघात

गोल्डन ग्लोब शर्यत १ जुलै २०१८ रोजी फ्रान्समधील ले साब्ल-दोलोन येथून सुरू झाली. सप्टेंबरमध्ये टॉमी तिसऱ्या क्रमांकावर होते. २१ सप्टेंबर रोजी दक्षिण हिंदी महासागरात, पर्थपासून सुमारे १,९०० सागरी मैल नैर्ऋत्येस, तुरीया प्रचंड वादळात सापडली. नौका आडवी झाली व पुन्हा सावरली. या उलथापालथीत टॉमी डोलकाठीवरून खाली पडले आणि त्यांच्या पाठीच्या कण्याला गंभीर इजा झाली. नौकेच्या दोन्ही डोलकाठ्या मोडल्या. त्यांना स्वतःहून उठणेही शक्य नव्हते. संदेशयंत्रावरून मजकूर पाठवून त्यांनी आपली अवस्था कळवली.

त्याच वादळात आयर्लंडचे स्पर्धक ग्रेगर मॅकगकिन यांच्या नौकेच्या डोलकाठ्याही मोडल्या. तरीही त्यांनी तात्पुरते शीड उभारून टॉमींच्या दिशेने जाण्याचा प्रयत्न केला. ऑस्ट्रेलियाच्या समन्वयाखाली मोहीम चालली, भारतीय नौदलाच्या पी-८आय विमानाने तुरीयाचा ठावठिकाणा निश्चित केला आणि २४ सप्टेंबर रोजी ओसिरिस या फ्रेंच गस्ती जहाजाने टॉमी यांची सुटका केली. नौका समुद्रातच सोडावी लागली.

नौकांच्या तुलनेच्या दृष्टीने या घटनेतील दोन गोष्टी वेगळ्या काढून पाहाव्या लागतात. तुरीयाचे कवच शाबूत राहिले. तीन दिवस ती तरंगत राहिल्यामुळेच नाविकाचे प्राण वाचले. परंतु डोलकाठ्यांविना ती स्वतःच्या बळावर कोठेही जाऊ शकत नव्हती, आणि जखमी नाविकाला तात्पुरते शीड उभारणेही शक्य नव्हते. म्हादेई अशा वादळातून सुखरूप सुटली असती, असा निष्कर्ष मात्र यावरून काढता येत नाही. दोन्ही नौकांच्या वाट्याला तीच लाट आलेली नव्हती.

## पुढील निवड: बायानत

उपचारांनंतर टॉमी २०२२ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत पुन्हा उतरले. या वेळी नियम जवळजवळ तेच होते, पण नौका वेगळी होती. त्यांनी रस्टलर ३६ प्रकारची नौका घेतली आणि पुरस्कर्त्या कंपनीवरून तिचे नाव बायानत ठेवले. हॉलमन अँड पाय या ब्रिटिश रचनासंस्थेचा हा आराखडा काचतंतूच्या कवचाचा आहे. लांबी सुमारे १०.८ मीटर, वजन सुमारे ७.६ टन, पाण्याखालील खोली सुमारे १.७ मीटर आणि डोलकाठी एक, अशी तिची मापे आहेत. कील लांबच आहे, तथापि पाण्याखालील घडण सुहेलीपेक्षा अधिक निमुळती असल्याने नौका वाऱ्याच्या दिशेकडे अधिक चांगली चढते. २०१८ च्या शर्यतीत पहिले तिन्ही क्रमांक रस्टलर ३६ नौकांनी पटकावले होते. त्या वर्षीचे विजेते जाँ-लुक व्हॅन डेन हीड यांनी डोलकाठीची उंची मुद्दाम कमी करून घेतली होती. वेगाचा थोडा त्याग करून मोडतोडीचा धोका कमी करण्याचा तो निर्णय होता.

टॉमी २९ एप्रिल २०२३ रोजी, २३६ दिवसांनंतर, दुसऱ्या क्रमांकाने ले साब्ल-दोलोन येथे पोहोचले. पहिला क्रमांक दक्षिण आफ्रिकेच्या कर्स्टन नॉइशेफर यांनी केप जॉर्ज ३६ प्रकारच्या नौकेतून मिळवला. या सफरीत विंड व्हेन सुकाणू वारंवार मोडले आणि टॉमी यांना नौकेवरच उपलब्ध असलेल्या साहित्यातून त्याची दुरुस्ती करावी लागली.

## निवडीचे निकष

वरील नौकांच्या इतिहासातून सागरसफरीच्या नौकेची निवड करताना विचारात घ्यावयाच्या बाबी पुढीलप्रमाणे दिसून येतात.

* '''सफरीचा हेतू''' : म्हादेईची निवड प्रदक्षिणा सुरक्षितपणे व कमी वेळात पूर्ण व्हावी यासाठी झाली, तुरीयाची निवड शर्यतीच्या नियमांनी ठरवली. हेतू ठरल्याशिवाय दोन नौकांपैकी चांगली कोणती, या प्रश्नाला अर्थ राहत नाही.
* '''नाविकांची संख्या''' : मोठी नौका समुद्रात अधिक सुरक्षित असते, परंतु तिची शिडे, नांगर आणि दोर हाताळण्यासाठी अधिक बळ लागते. तारिणीवर हे काम सहा जणींमध्ये विभागले गेले होते. एकट्या नाविकाने नौकेचे आकारमान आपल्या सर्वांत थकलेल्या दिवसाच्या ताकदीवरून ठरवावे लागते.
* '''पाण्याची खोली''' : कोकणातील अनेक खाड्यांच्या मुखाशी वाळूचे दांडे असतात. अडीच मीटर खोल कीलच्या नौकेला तेथे शिरण्यासाठी भरतीची वाट पाहावी लागते. दीड-पावणेदोन मीटर खोलीच्या नौकेसाठी प्रवेशाचा अवधी वाढतो. किनाऱ्यालगतच्या सफरीत हा मुद्दा वेगापेक्षा महत्त्वाचा ठरतो.
* '''हंगाम''' : अरबी समुद्रात जून ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी वारे वाहतात व पश्चिम किनारा वाऱ्याच्या माऱ्याखाली येतो. केवळ ऑक्टोबर ते मे या काळात किनाऱ्याने फिरणाऱ्या नौकेला दक्षिण महासागरासाठीची बांधणी आवश्यक नसते.
* '''दुरुस्तीची सोय''' : भर समुद्रात जी वस्तू नाविकाला स्वतः दुरुस्त करता येत नाही, तिच्यावर सफर अवलंबून ठेवणे धोक्याचे असते. साधी रचना असलेली जुनी नौका या बाबतीत पुष्कळदा सरस ठरते.
* '''खर्च''' : नौकेची लांबी दुप्पट झाली की तिचे वजन, शिडांचे क्षेत्र आणि उपकरणांचा आकार दुपटीहून कितीतरी अधिक वाढतो. बांधणीबरोबरच शिडे, दोर, रंगकाम आणि बंदरातील जागा यांचा दरवर्षीचा खर्चही त्याच प्रमाणात चढतो.

म्हादेईने दोन एकल प्रदक्षिणा पूर्ण केल्या, तुरीया अर्ध्या वाटेत थांबली आणि बायानतने तुरीयाच्याच मार्गावर शर्यत पूर्ण केली. तिन्ही नौका आपापल्या हेतूला अनुसरून निवडलेल्या होत्या. म्हादेई आणि बायानत यांच्या आकारमानात मोठा फरक असूनही दोघींनी नाविकाला सुखरूप परत आणले. तुरीया आणि बायानत या मापांनी जवळच्या होत्या, पण शिडांची मांडणी व पाण्याखालील घडण यांत त्या वेगळ्या होत्या. त्यामुळे दोन नौकांची तुलना करताना केवळ लांबी किंवा किंमत पाहणे पुरेसे नसते. नौका कोठे, कोणत्या हंगामात, किती माणसांनी आणि किती काळ चालवायची आहे, हे आधी निश्चित करावे लागते.

## हेही पहा

* सागर परिक्रमा
* आयएनएसव्ही तारिणी
* मनोहर आवटी
* दिलीप दोंदे
* अभिलाष टॉमी
* गोल्डन ग्लोब शर्यत